पुणे, पिंपरी की पीएमआरडीए: घराचा प्लॅन कुठे लवकर पास होतो?

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, गेले दोन महिने तीन प्लॉट बघतोय. एक धनकवडीच्या वरच्या अंगाला 2 गुंठे, एक मोशीला 1400 चौरस फूट आणि एक मुळशीत घोटवड्याच्या बाजूला 5 गुंठे. रोज संध्याकाळी फोन येतो आणि प्रश्न एकच, प्लॅन लवकर कुठे पास होईल. माझं नुकतंच घर बांधून झालंय, फाइलच्या मागे भरपूर फिरलोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो.

आधी एक गोष्ट. धनकवडी पुणे महापालिकेत, मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि घोटवडं पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतं, पण तिघांचा नियम डिसेंबर 2020 पासून एकच आहे, युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची राज्यभराची एकत्रित नियमावली. नाशिक, नागपूरलाही हाच, मुंबईला मात्र नाही, तिकडचं आधी आयओडी म्हणजे अटींसह मंजुरी, मग सीसी म्हणजे काम सुरू करायचा दाखला, हे प्रकरण वेगळंच आहे, त्यामुळे मुंबईतल्या नातेवाइकाचा अनुभव इथे लावू नका. तर नियमाप्रमाणे 150 चौरस मीटरपर्यंतचा छोटा प्लॉट असेल तर रीतसर मंजुरीची वाट बघायची नाही, लायसन असलेल्या आर्किटेक्टने कागद आणि नकाशा द्यायचा, पैसे भरायचे आणि मिळालेली पोचच परवानगी धरायची. 150 ते 300 मध्ये 10 दिवसांत परवानगी. त्याच्या वर पूर्ण स्क्रूटिनी, आणि एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्यात 60 दिवसांत निर्णय आला नाही तर मानीव परवानगीची सोय आहे, पण ती तुमच्या होम लोनच्या बँकेला दाखवून बघा, ते शिक्क्याचाच कागद मागतात.

म्हणजे दादाचे तीन प्लॉट तीन वेगळ्या खान्यांत पडतात. मोशीचा 130 चौरस मीटर, पहिल्यात. धनकवडीचा 202, दुसऱ्यात. घोटवड्याचा 505, सरळ मोठ्या फाइलमध्ये. ऑफिस कुठलं याच्याआधी हा फरक पडतो आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत.

आता दिवसांबद्दल. हे 10 आणि 60 दिवस मोजायचे कधीपासून? फाइल पूर्ण झाल्यापासून. माझ्या फाइलला पहिलीच क्वेरी निघाली ती रस्त्याची. लेआउटच्या नकाशात समोरचा रस्ता 6 मीटर, आम्ही सकाळी सातला टेप धरून उभे राहिलो तर शेजारच्यांच्या कंपाउंडपासून माझ्या हद्दीच्या दगडापर्यंत पावणेपाच भरला. शेजारचे काका चांगले माणूस, ते म्हणाले आमची भिंत 20 वर्षं इथेच आहे, आणि ते खरंच होतं. मग परत मोजणीचा अर्ज, मोजणीवाल्यांची तारीख, क प्रत म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, त्यावरून नवीन नकाशा, असे साडेचार महिने गेले आणि त्यातला एकही दिवस ऑफिसच्या हिशोबात धरला जात नाही, कारण फाइल त्यांच्याकडे नव्हतीच, माझ्याकडे होती. नंतर प्रत्यक्ष परवानगी आली 19 दिवसांत. मला ऑफिसात कोणी विचारलं किती दिवस लागले, तर कागदावर 19.

म्हणून शहरांचे सरासरी दिवस शेजारी ठेवून तुलना केली की फसायला होतं. जागतिक बँकेच्या जुन्या डुइंग बिझनेस यादीचंच बघा, बांधकाम परवानग्यांत भारत 2018 च्या अहवालात 181 वा होता आणि 2020 च्या अहवालात 27 वा आला. पण त्यात मोजलेली शहरं दोनच, दिल्ली आणि मुंबई, आणि मोजलेलं बांधकाम म्हणजे एक गोदाम. पुण्यात दोन मजली घर बांधणाऱ्याला त्यातून काय कळणार? तसंच अमुक शहरात वर्षात इतक्या परवानग्या दिल्या हा आकडा. त्यात एकाच साइटचे सुधारित नकाशे परत परत मोजलेले असतात, एका फाइलमध्ये एक बंगला असतो नाहीतर 400 फ्लॅट. मी तरी सीसीचा आकडा एकटा बघत नाही, भोगवटा पत्रं, म्हणजे घर पूर्ण झाल्यावरचे राहायला जायचे दाखले, किती निघाली ते त्याच्या शेजारी बघतो, कारण घर शेवटपर्यंत नेलेल्यांचा आकडा तोच.

हैदराबादचं लोक फार कौतुकाने सांगतात. तेलंगणाच्या 2020 च्या कायद्यात 75 चौरस यार्डपर्यंत परवानगीच नाही, 1 रुपयात नोंदणी, आणि 600 यार्डपर्यंत 10 मीटर उंचीच्या घराला स्वतःच्या सहीवर लगेच मंजुरी. चांगलंच आहे, मला ते आपल्यापेक्षा धाडसी वाटतं. पण खोटं लिहून दिलं तर नोटीस न देता पाडायचा अधिकारही त्याच कायद्यात आहे, म्हणजे तपासणी टळत नाही, फक्त आधीची नंतर होते.

परत आपल्या तीन प्लॉटकडे. धनकवडीला खान्याने 10 दिवस दिसतात पण प्लॉट चढावर आहे आणि त्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे, त्यामुळे झोन दाखला आणि भाग नकाशा हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. लेआउट मंजूर नाही असं एजंट स्वतःच बोलून गेला, म्हणजे आधी गुंठेवारी, म्हणजे तुकडा नियमित करून घेणं, मग प्लॅन.

घोटवड्याला जागा भरपूर, हवा छान, मला स्वतःला तोच प्लॉट सगळ्यात आवडला. पण रस्ता शेतातून जातो, तो सातबाऱ्यावर कुठेच नाही, आणि 5 गुंठ्यांचा तुकडा कसा पाडलाय हे विचारल्यावर मालक विषय बदलतो. तिथे परवानगीला किती दिवस लागतील हा प्रश्न विचारायची वेळच आलेली नाही.

मोशी. मंजूर लेआउट, समोर पक्का रस्ता, प्लॉट छोटा. दोन गोष्टी बघायच्या. एक, जमीन जुन्या प्राधिकरणाची तर नाही ना, तसं असेल तर 99 वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि 2021 ला प्राधिकरण बरखास्त होऊन काही भाग महापालिकेकडे, काही पीएमआरडीएकडे गेला, त्यामुळे एनओसी कोणाकडून ते पहिल्याच दिवशी विचारायचं. दुसरी गोष्ट रेड झोन. तो लष्कराच्या डेपोभोवतीचा, तिथे प्लॅनच पास होत नाही. नदीची रेड लाइन वेगळी, ती 100 वर्षांतल्या मोठ्या पुराची रेषा, आणि ब्लू लाइन 25 वर्षांतली. इंद्रायणी जवळ आहे म्हणून दोन्ही बघायचं. दादा हे दोन शब्द एकच समजत होता, आणि विकणाऱ्यानेही तेवढंच सांगितलं होतं की रेड लाइनमध्ये नाही.

माझं मत मोशी, झोनचा कागद स्वच्छ निघाला तर. परवानगी एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवून फार तर चार वर्षं, त्यामुळे पैसे जुळायच्या आधी घाईने सीसी काढून ठेवायचीही गरज नाही. रविवारी सकाळी दादा क प्रत घेऊन येणार आहे आणि मी टेप.