जुन्या वूड स्टोव्हला कॅटॅलिटिक कम्बस्टर बसवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

इथे अमेरिकेत थंडीच्या राज्यांत ज्यांनी जुनं घर घेतलंय आणि घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, त्यांनी हे जरूर वाचा. आमचे साडेअकराशे डॉलर गेले, पण त्याहून मोठं काहीतरी जाता जाता वाचलं म्हणून लिहितोय.

आम्ही व्हर्माँटमध्ये राहतो, बर्लिंग्टनपासून तासाभरावर. घराबरोबर बीडाचा जुना स्टोव्ह आला, ८०च्या आधीचा असावा. ऑक्टोबरात चिमणी साफ करायला एकाला बोलावलं तर तो म्हणाला तुमचा स्टोव्ह फार धूर करतो, पाईपमध्ये कॅटॅलिटिक कम्बस्टर (म्हणजे धूर जाळणारी जाळी) टाकून देतो, लाकूड एक तृतीयांश कमी लागेल, चिमणी परत साफ करावी लागणार नाही, स्टोव्ह ईपीए (सरकारी पर्यावरण संस्था) सर्टिफाईड होईल आणि वर लाईफटाईम वॉरंटी. रोख दिले तर शंभर कमी. बोलायला इतका चांगला होता की मी काही विचारलंच नाही, रोख मोजून दिले, पावतीसुद्धा नीट घेतली नाही.

तीन आठवडे बरे गेले. मग दार उघडलं की धूर घरात यायला लागला. सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या, आयुष्यभर चूल पेटवलेली बाई, त्यांनी दोन ओंडके घेऊन एकमेकांवर आपटले आणि म्हणाल्या, "अहो जावईबापू, हे लाकूड ओलं आहे, वाळलेलं असतं तर टणटण वाजलं असतं." खरंच आवाज बद्द येत होता आणि जळताना टोकांना फेस येत होता. पण मला वाटलं आता ते यंत्र आहे ना, ते धूर जाळेल. डिसेंबरात एका रात्री दोन वाजता कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजला. बाहेर शून्याखाली असताना सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मुलीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत बसलो. ती खोकत होती तो आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी सीएसआयए (चिमणी सुरक्षेची संस्था) सर्टिफाईड चिमणीवाल्या बाई आल्या, त्यांनी पाईप खोलून तुकडा माझ्या हातात दिला. मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, कडा झडलेल्या, अर्धी भोकं राखेने बुजलेली, एक बाजू वितळल्यासारखी काळी. म्हणजे कुणाच्या तरी स्टोव्हमधला वापरलेला माल होता.

त्यांनी सांगितलं ते नीट समजून घ्या. जाळीवर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा थर असतो, त्यामुळे एरवी हजार-अकराशे फॅरनहाईटला जळणारा धूर पाचशे-सहाशेच्या आसपास पेटतो. पण तेवढी उष्णता जाळीपर्यंत पोचायला हवी, आणि आमची जाळी पाईपमध्ये चार फूट वर बसवलेली, मंद आचेवर तिथे तीनशेसुद्धा होत नव्हते. मग ती धूर जाळत नाही, नुसती अडवते. दुसरं म्हणजे बायपास डँपर, म्हणजे एक झडप लागते, लाकूड टाकताना तो उघडून धूर जाळीला वळसा घालून वर जातो, आमच्याकडे तो नव्हताच, तापमान बघायला प्रोबसुद्धा नव्हता. वर थंड झालेला धूर चिमणीत क्रिओसोट होऊन बसला होता, डांबरासारखा चकचकीत थर, तो पेटला असता तर छत गेलं असतं.

आणि सर्टिफिकेटचं म्हणाल तर ईपीए स्टोव्हचं मॉडेल लॅबमध्ये तपासून सर्टिफाय करते, जुन्या स्टोव्हला काही चिकटवून तो सर्टिफाईड होत नाही. लाईफटाईमचंही तसंच, चांगला कम्बस्टर साधारण दहा-बारा हजार तास चालतो, हिवाळाभर दिवसरात्र पेटवला तर तीन-चार सीझन, आणि रंगवलेलं लाकूड, चकचकीत कागद, प्लास्टिक जाळलं तर त्याच्याही आधी निकामी होतो.

कम्बस्टर ही चीज वाईट नाही. कंपनीनेच स्टोव्हमध्ये तो बसवलेला असेल आणि तुम्ही रोज तापमान बघून डँपर फिरवणारे असाल तर जरूर घ्या. जुन्या स्टोव्हला नंतर बसवायचा असेल तर स्टोव्हच्या कंपनीची लेखी परवानगी मागा, फायरबॉक्सपासून (लाकूड जळतं तो कप्पा) किती अंतरावर बसणार ते विचारा, बायपास कुठे आहे ते दाखवायला सांगा, इन्शुरन्सवाल्यांशी बोला, नवा सीलबंद डबा समोर उघडायला लावा, आणि पैसे कार्डाने द्या. माझे रोख गेले, आता तो फोन उचलत नाही. ॲटर्नी जनरलच्या कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्रॅमकडे तक्रार केलीये, पैसे अजून आलेले नाहीत.

आम्ही सध्या काहीच बसवलेलं नाही. मॉइश्चर मीटर घेतलाय, वीस टक्क्यांच्या वर ओल असेल तर ते लाकूड आत येत नाही. ओक दोन वर्षं वाळवावा लागतो म्हणून दोन कॉर्ड (लाकडाच्या ढिगाचं इथलं माप) आत्ताच रचून ठेवलेत. ती जाळी गॅरेजमध्ये जपून ठेवलीये, कोणाला कोणी असं काही विकत असेल तर सांगा, ओळखायला सोपं जावं म्हणून फोटो पाठवतो.