पिल्लाचं ट्रेनिंग किट: क्लिकर आणि लांब दोरीसाठी जरूर घ्या, भुंकणं थांबवायचं यंत्र मात्र लांब ठेवा

ऑनलाइन हल्ली पिल्लांसाठी तयार ट्रेनिंग किट मिळतं ना, एकाच पिशवीत सगळं, त्यातलंच एक आमच्या चिकूसाठी घेतलं होतं. चिकू आता चांगली मोठी झालीये आणि किटमधली प्रत्येक गोष्ट भरपूर वापरून झालीये, म्हणून सविस्तर लिहितेय. आत काय होतं तर दोन क्लिकर, म्हणजे दाबलं की टक आवाज करणारी छोटी डबी (एक पत्र्याच्या पट्टीचा चौकोनी, एक बटणवाला), कमरेला अडकवायचं ट्रीट पाऊच, दहा मीटरची लांब दोरी, भुंकणं थांबवायचं अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं) यंत्र आणि एक छोटी माहितीपुस्तिका. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असली किट्स ढीगभर नावांनी विकली जातात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो, त्यामुळे कोणाचंही घेतलंत तरी हे उपयोगी पडेल.

आधी क्लिकर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. बरेच जण क्लिकर घेतात आणि कुत्र्याला बोलवायला वाजवतात, किंवा तो काही उद्योग करत असला की लक्ष वेधायला वाजवतात, आणि मग म्हणतात काही उपयोग नाही हो याचा. क्लिकर बोलवण्यासाठी नाहीच मुळी. त्याचं काम एवढंच की पिल्लाने बरोबर गोष्ट केली त्या क्षणी "हे! हेच हवं होतं, आता खाऊ येतोय" असं सांगायचं. ट्रीट पिशवीतून काढून तोंडापर्यंत न्यायला दोन तीन सेकंद जातातच, तेवढ्यात पिल्लू बसलेलं उठतं, इकडे तिकडे बघतं, तुमच्यावर उडी मारतं, आणि त्याला वाटतं खाऊ उडी मारल्याचा मिळाला. क्लिकने तो मधला वेळ भरून निघतो. ही आयडिया जुनी आहे, स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच कुत्र्याला शिकवायला असं टकटक आवाजाचं खेळणं वापरा असं लिहिलं होतं, त्याच्यासोबत काम केलेल्या मारियन आणि केलर ब्रेलँड यांनी तर त्याच्याही आधीपासून ही पद्धत प्राण्यांवर वापरायला सुरुवात केली होती. घराघरातल्या कुत्र्यांपर्यंत ती पोचली १९९० च्या दशकात, कॅरन प्रायर यांच्यामुळे, आणि त्या आधी डॉल्फिनना शिकवायच्या. विचार करा, डॉल्फिन हवेत उडी मारतोय, त्या वेळी त्याच्या तोंडात मासा कसा देणार? म्हणून शिट्टी. पिल्लाचंही तेच आहे, फक्त ते पाण्याऐवजी सोफ्यावर असतं.

सुरुवातीला क्लिकला काही अर्थ नसतो, तो द्यावा लागतो. क्लिक, लगेच ट्रीट, क्लिक, लगेच ट्रीट, पिल्लाला काहीही करायला न सांगता दहा पंधरा वेळा. क्लिक ऐकून पिल्लू झटकन तुमच्या हाताकडे बघायला लागलं की समजा जमलं. त्यानंतर नियम एकच आणि तो मोडायचा नाही: क्लिक झालं की ट्रीट मिळालीच पाहिजे, चुकून वाजलं तरी. घरातल्या लहान मुलांच्या हातात क्लिकर खेळायला अजिबात देऊ नका, तो टकटक वाजत राहिला आणि खाऊ आला नाही की त्या आवाजाची किंमतच जाते.

टायमिंगची प्रॅक्टिस आधी कुत्र्याशिवाय करा, हे कोणीच करत नाही आणि तिथेच गाडी अडते. घरातल्या कोणाला तरी चेंडू खाली टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकला त्याच क्षणी क्लिक करायचा प्रयत्न करा. आमच्याकडे आईने हे केलं आणि तिचं टायमिंग घरात सगळ्यात चांगलं आहे, चिकू "बस" आणि "थांब" दोन्ही तिच्याकडूनच पक्कं शिकली.

दोन क्लिकरपैकी पत्र्यावाला फार जोरात वाजतो. घाबरट पिल्लू असेल तर त्या आवाजाने दचकतं आणि मग शिकणं राहतं बाजूला. बटणवाला मऊ आवाजाचा आहे, तोच वापरा, आणि पत्र्यावालाच असेल तर खिशात ठेवून किंवा मोज्यात गुंडाळून वाजवा. कानाजवळ तर कधीच नाही. काहीच नसेल तर टकटक करणारं बॉलपेनही चालतं, खरंच चालतं. ऐकू न येणाऱ्या कुत्र्यांना लोक अंगठा वर करून किंवा टॉर्चची छोटी चमक दाखवून याच पद्धतीने शिकवतात.

आता खरं सांगायचं तर क्लिकर म्हणजे जादू आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ५१ कुत्र्यांवर तुलना करून बघितली, काहींना क्लिकर, काहींना एक ठरलेला शब्द, काहींना नुसता खाऊ, आणि शिकण्यात फार फरक दिसला नाही. म्हणजे "येस" असा एक छोटा शब्द ठरवून दर वेळी एकाच सुरात म्हटलात तरी काम होतं. मग क्लिकर का घ्यायचा? मला विचाराल तर माणसासाठी. आपण दमलेले असतो, वैतागलेले असतो, आवाजात ते सगळं येतं, घरात चार माणसं चार प्रकारे "शाब्बास" म्हणतात, क्लिक मात्र सगळ्यांचा सारखा. आणि हातात क्लिकर असला की आपण पिल्लू काय चुकतंय ते शोधायचं सोडून ते बरोबर काय करतंय ते शोधायला लागतो, ही सवय माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई आहे. चिकू स्वतःहून चटईवर जाऊन आडवी झाली की क्लिक, दारावरची बेल वाजली आणि ती चारही पाय जमिनीवर ठेवून उभी राहिली की क्लिक. ओरडायची वेळ फारशी येतच नाही.

एका ठिकाणी मात्र क्लिकर वापरू नका, शू शीच्या ट्रेनिंगला. पिल्लू बाहेर शू करत असताना मध्येच क्लिक केलं की ते अर्धवट थांबवून खाऊसाठी धावत येतं आणि उरलेली शू घरात आल्यावर होते. तिथे गप्प उभं राहायचं, पूर्ण झाल्यावर हळू आवाजात कौतुक आणि लगेच तिथेच ट्रीट. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. घरात झालीच तर नाक घासणं, मारणं वगैरे काही करू नका, पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर तुमच्यासमोर करतच नाही.

ट्रीट पाऊचबद्दल फार काही नाही. लोहचुंबकाने बंद होणारं तोंड आहे ते बरंय, चेनवाल्या पाऊचमध्ये हात अडकतो आणि टायमिंग जातं. आतलं अस्तर काढून धुता येत नाही ही मोठी गैरसोय, उकडलेल्या चिकनचा वास राहतोच. ट्रीट वाटाण्याच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान ठेवा, पिल्लाला आकाराचं काही नसतं, किती वेळा मिळाली त्याचं असतं, आणि दिवसभराच्या खाण्यातल्या कॅलरीजपैकी ट्रीट साधारण १० टक्क्यांच्या आतच ठेवायच्या असं व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, सांगतात. रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून वापरलेत तर तोही प्रश्न नाही. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल हा गोडवा असलेलं काहीही या पाऊचमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

लांब दोरी मात्र, काय सांगू, पूर्ण किटमध्ये मला सगळ्यात आवडलेली वस्तू. पिल्लू घरात बोलावल्यावर येतं आणि मैदानात गेल्यावर बहिरं होतं, हे सगळ्यांकडे होतं, कारण घरात आपण एकटेच इंटरेस्टिंग असतो आणि बाहेर वास, पक्षी, दुसरी कुत्री. मोकळं सोडलं आणि हाक मारून ते आलं नाही की ते शिकतं, हाकेकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. लांब दोरीने ती सवय लागतच नाही. त्याला फिरता येतं, हुंगता येतं, आणि तुम्ही एकदाच, हसऱ्या आवाजात हाक मारता, ते वळलं त्या क्षणी क्लिक, आलं की भरपूर खाऊ, आणि नंतर "जा" म्हणून परत सोडायचं. हे परत सोडणं फार महत्त्वाचं आहे. हाक मारली की दर वेळी खेळ संपतो आणि घरी जावं लागतं असं झालं तर कोण येईल सांगा. आणि आंघोळ घालायला, नखं कापायला, रागवायला हाक मारून बोलवू नका, स्वतः जाऊन घेऊन या.

सुरक्षेचं नीट वाचा कारण पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीलाच लावायची, पिल्लू दहा मीटर धावून झटका बसला तर मानेला इजा होऊ शकते. हार्नेस छातीवर वाय आकाराचा घ्या, खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा पाय मोकळे हलू देत नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या घालून तळहातात धरायची, आणि ग्लव्ज घाला. या किटमधली दोरी नायलॉनची आहे, हातातून सरकली की तळवा भाजतो अक्षरशः, शिवाय ओली झाली की जड होते आणि वाळायला वेळ घेते. वेगळी घ्यायची असेल तर बायोथेनची (प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्टीची) घ्या, पुसली की स्वच्छ. दुसरी कुत्री खेळत असतील तिथे ही दोरी नको, पायात गुंता होतो. आणि बटण दाबून आत बाहेर होणारा पट्टा हा याला पर्याय नाही हं, त्यात कायम ताण असतो, त्यामुळे पिल्लू शिकतं की ओढलं की पुढे जाता येतं, जे आपल्याला नेमकं नकोय.

आता ते अल्ट्रासॉनिक यंत्र. हे मी एकदाच चालू केलं आणि परत हात लावला नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ हजारपर्यंत, म्हणजे त्या यंत्रातून किती कर्कश आवाज निघतोय ते आपल्याला कळायला मार्गच नाही, आपण शांत खोलीत उभे असतो आणि त्या जिवाच्या कानात काय चाललंय देव जाणे. चिकू कपाटामागे जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भुंकणं थांबलं का तर थांबलं, पण ती का भुंकत होती ते तसंच राहिलं ना. बाहेरच्या आवाजाला घाबरून भुंकणारं पिल्लू त्यात अजून एक भीती जोडतं, कंटाळून भुंकणाऱ्याचा कंटाळा जात नाही. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सगळ्या कुत्र्यांना बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं, त्रासदायक उपकरणांची गरज नाही. माझी कंपन्यांना मनापासून विनंती आहे की पिल्लांच्या किटमध्ये हे टाकणं बंद करा. त्याऐवजी चांगला हार्नेस द्या.

पुस्तिकेवर पण माझा राग आहे. त्यात लिहिलंय ट्रेनिंग सहा महिन्यांनंतर सुरू करा. ही फार जुनी समजूत आहे आणि त्यात पिल्लाचं नुकसान होतं. साधारण ३ ते १४ आठवडे हा काळ असा असतो की पिल्लू नवीन माणसं, आवाज, जागा, सगळं सहज स्वीकारतं, तो गेला की अनोळखी गोष्टींची भीती वाढते आणि मग सगळं अवघड होतं. आठ आठवड्यांचं पिल्लू "बस" शिकू शकतं, एका वेळी तीन चार मिनिटं, दिवसातून थोडं थोडं. लसीकरण पूर्ण नसेल तर व्हेटशी बोलून, कडेवर घेऊन जग दाखवा, अनोळखी कुत्र्यांच्या शू शीच्या जागा टाळा. आणि चावरेपणाबद्दल तर त्यात "तोंड घट्ट धरा" असं दिलंय, कृपया असलं काही करू नका. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सहा सात महिन्यांचं होईपर्यंत, त्याला चावायला काहीतरी लागणारच. हाताला दात लागले की खेळ थांबवा, हात शांत ठेवा, चावायचं खेळणं द्या, ते धरलं की क्लिक. आणि पिल्लू संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलं तर आधी बघा ते दमलंय का, लहान पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतात, झोप कमी पडली की चावरेपणा वाढतोच.

मला बऱ्याच जणांनी विचारलं की मोठ्या कुत्र्याला, दत्तक घेतलेल्याला हे चालेल का. चालतं, वय आड येत नाही. फक्त त्याच्या आधीच्या आयुष्यात काय झालंय ते माहीत नसतं, म्हणून क्लिकरऐवजी आधी बॉलपेनने सुरुवात करा, आवाजाला कान मागे गेले, शेपूट आत गेली किंवा ओठ चाटायला लागला तर क्लिकरचा हट्ट सोडून द्या आणि हळू आवाजातला एखादा शब्द ठरवा. दोरी त्यालाही लागेलच, आणि पहिले काही आठवडे ती हार्नेसवरून काढू नका, नवीन घरातून घाबरून पळालेलं कुत्रं ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही.