बेदाणा, दोन पिंजरे आणि कापलेले पंख: नऊ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये लव्हबर्ड घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "पंख कापल्यात काका, जातंय कुठं! आठ दिवसांत खांद्यावर बसतंय बघा." खांद्यावर बसला तो मे महिन्यात, आणि त्यात कापलेल्या पंखांचा काडीचाही वाटा नव्हता. उलट त्या पंखांपायीच पहिले दोन महिने वाया गेले, असं माझं मत झालंय. कापलेल्या पंखाचं पाखरू घ्यायला निघालेल्यांनी एवढं वाचून मग पैसे काढावेत.

लव्हबर्ड म्हणजे छोटा पोपटच. आमचा पीच-फेस्ड जातीचा. मूळ नैऋत्य आफ्रिकेतला, नामिबियाकडचा. हिरवं अंग, शेंदरी-गुलाबी तोंड, शेपटीच्या वर निळा. तासगावच्या हिरव्या बेदाण्यासारखा दिसतो म्हणून मुलीनं नाव ठेवलं बेदाणा. चोचीच्या मुळाशी काळसर डाग होता, ती पिल्लाची खूण. म्हणजे वयाच्या बाबतीत तरी दुकानदार खरं बोलला होता.

पंख मात्र त्यानं एकाच बाजूचा कापला होता, तोही पार मुळापर्यंत. दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्याचं दार उघडलं, तर बेदाण्यानं बाहेर झेप घेतली आणि भोवऱ्यासारखा गरगरत फरशीवर आदळला. चार दिवसांत तीनदा. तिसऱ्या वेळी छातीच्या हाडावरची कातडी फाटली, तेव्हा मिरजेला पशुवैद्यांकडे धावलो. त्यांनी सांगितलं की वाढ पूर्ण झालेलं पीस नखासारखं असतं, कापताना दुखत नाही. पण कापलेलं पीस पुढं वाढतही नाही. त्याचा खुंट झडून नवं पीस येईपर्यंत पाखराला तसंच राहावं लागतं. ते ओढून काढायच्या फंदात पडायचं नाही. आणि कापायचंच असेल तर दोन्ही बाजूंची सारखी, मोजकी पिसं कापायची, तीही पिल्लू नीट उडायला आणि उतरायला शिकल्यावर. आमचं पिल्लू उडायला शिकण्याआधीच लंगडं केलं होतं.

आता पिंजरा. पहिला गोल, घुमटाचा, देखणा आणि कुचकामी. गोल पिंजऱ्यात पाखराला पाठ टेकवायला कोपरा मिळत नाही, आणि घुमटाकडं गज जवळ येतात तिथं पाय अडकतो. शिवाय जाळीवर जस्ताचा मुलामा. लव्हबर्ड दिवसभर गज कुरतडणार, आणि जस्त पोटात जाणं त्याला विषासारखं. महिनाभरातच दुसरा घेतला, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, पावडर कोटिंगचा. उंचीपेक्षा लांबी बघा, पाखरू आडवं फिरतं. दोन गजांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. पडणारं पाखरू असल्यामुळे दांड्या अगदी खाली लावल्या आणि तळाशी जुना टॉवेल अंथरला. सोबत आलेल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या फेकून दिल्या. एकाच जाडीच्या दांडीवर बसून तळपायाला फोड येतात. पेरूच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावल्या. त्यांची साल सोलण्यात त्याची अख्खी दुपार जाते, हा फायदा वेगळाच.

माणसाळवायचं म्हणाल, तर पहिले दहा दिवस मी काहीही केलं नाही. रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचायचो, बस. मग गजांतून राळ्याचं कणीस पुढं करायला लागलो. पहिल्यांदा त्यानं ते ओढून नेलं आणि लांब जाऊन खाल्लं. उडता येत नाही हे कळलेलं पाखरू पळत नाही, चावतं. माझ्या तर्जनीवर अजून एक खूण आहे. चावल्यावर हात झटकन मागं घेतला की त्याला कळतं, चावलं की हा राक्षस जातो. म्हणून दात आवळून हात तिथंच ठेवायचा. एप्रिलअखेर कणीस हाताच्या तळव्यावर आलं. मग बोट पोटाच्या खालच्या बाजूला हलकं टेकवून "चढ" म्हणायचं. तोल सावरायला ते आपसूक बोटावर पाय ठेवतं. हे सगळं रोज पंधरा मिनिटं, खायच्या वेळेच्या जरा आधी. भरल्या पोटी साहेब ढुंकून बघत नाहीत.

एकटा लव्हबर्ड झुरून मरतो असं शेजारच्या काकूंनी दोनदा ऐकवलं. आमचा नऊ महिने ठणठणीत आहे, पण त्याला घरात माणूस लागतं. दिवसभर कुलूप असलेल्या घरात जोडीच ठेवावी, मग ती माणसाळली नाही तरी चालेल. (त्याच काकूंनी "पोपट पाळला तर पोलीस येतात ना" असंही विचारलं. देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, हा परदेशी आहे, असं सांगितल्यावर त्यांची थोडी निराशा झाली.)

खाण्यात राळा आणि बाजरी. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन-तीनच, चरबी फार असते. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर. सध्या शाळूचा हुरडा चालू आहे, त्यापुढं बाकी सगळं मातीमोल. भडंग अजिबात नाही, कितीही मान वाकडी करून बघितलं तरी. वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका, वर नुसती फोलपटं असतात. रोज फुंकर मारून बघा. पावसाळ्यात दाण्याला मुंग्या लागल्या, तेव्हा स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला, कारण तो जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरतो. बिडाच्या तव्यावरच्या धिरड्यांबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये पिसं झडून नवी यायला लागली. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. एका रात्री दचकून धडपडताना एक मोडलं, रक्त थांबेना. मक्याचं पीठ लावून दाबून धरलं, थांबलं. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी बेदाणा कपाटावरून निघाला आणि सरळ, न गरगरता, माझ्या डोक्यावर उतरला. मला वाटलं, आता हा कशाला हातावर येतोय. झालं उलटंच. पडायची भीती गेली तशी चावणंही जवळजवळ संपलं.

घराला मात्र शिस्त लावावी लागली. सगळ्यात मोठा धोका छताचा पंखा. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी पंखा बंद, आणि बटणावर चिकटपट्टी, कारण पाहुणे सवयीनं दाबतात. खिडक्यांना जाळ्या, आरशावर चादर. सांगलीच्या मे महिन्यात पंख्याविना तासभर बसणं काय असतं ते सांगलीकरांना सांगायला नको. एवढं जमणार नसेल तर पंख कापण्यापेक्षा पाखरू न घेतलेलं बरं.

ऑक्टोबरपासून तो पेपरच्या लांब सरळ पट्ट्या कापून पाठीच्या मागच्या पिसांत खोचून फिरायला लागला. झाडू घेऊन निघाल्यासारखा. आम्ही हसलो. नोव्हेंबरात अंडं! तेव्हा कळलं की घरटं बांधायचं सामान असं वाहून नेण्याची खोड या जातीत बहुतेक मादीचीच. एकूण पाच अंडी घातली, अर्थात रिकामी. लगेच उचलली असती तर तिनं आणखी घातली असती, म्हणून ती कंटाळून उठेपर्यंत तशीच ठेवली. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगलं होतंच, पिंजऱ्यातली कापडी झोपडी काढली, संध्याकाळी लवकर अंधार करायला लागलो. नाव बेदाणाच राहिलं. "तो"चं "ती" करताना घरात सगळ्यांची जीभ अजून अडखळते.

आवाज आहे. कुकरच्या शिट्टीला उत्तर दिल्याशिवाय ती राहत नाही. दुपारी झोपणाऱ्यांनी विचार करावा.

जुना गोल पिंजरा एकानं मुनियांसाठी मागितला होता, दिला नाही. आता सौ.नं त्यात कांदे-लसूण ठेवलेत. हवा चांगली खेळते.