इंजिन फाउंडेशनच्या ब्रॅकेटची दुबार वेल्डिंग : आठ महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

माझी डिझेल पिकअप २०१३ सालची आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाटा भरायचा आणि पहाटे ठाण्यात जांभळी नाक्याला उतरवायचा, हे तिचे रोजचे काम. गेल्या हिवाळ्यात पहिला गियर टाकून क्लच सोडला की बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज येऊ लागला, आणि गाडी उभी असताना गियरचा दांडा हातात धरवत नाही इतका थरथरू लागला. गाडीखाली शिरून बॅटरी मारली, तेव्हा क्लीनरच्या बाजूचा, म्हणजे डावीकडचा, इंजिन फाउंडेशनचा ब्रॅकेट, म्हणजे इंजिन ज्यावर बसते तो लोखंडी आधार, चेसिसपासून वरच्या कडेने सुटलेला दिसला. फट इतकी होती की तिच्यात जुन्या ब्लेडचे टोक सहज शिरले.

पहिली दुरुस्ती मी घाईत करून घेतली आणि ती चूक माझीच होती. रस्त्याकडेच्या एका वेल्डरने ग्राइंडर न लावता, वरचा रंग नुसता खरवडून, भेगेवर साध्या रॉडचा जाडजूड थर चढवला आणि सहाशे रुपये घेतले. दिसायला काम दणकट होते, पण सात आठवड्यांत आवाज परत आला. या वेळी थर जसाच्या तसा होता आणि त्याला लागून असलेल्या चेसिसच्या पत्र्यात नवी भेग गेली होती. रबाळे एमआयडीसीतल्या ज्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे मग गाडी नेली, त्यांनी ती पाहून एवढेच म्हटले, “दादा, वेल्डिंग तुटलेलं नाही. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड थकलंय. आधी रबर दाखवा.”

इंजिन आणि ब्रॅकेट यांच्यामधले रबर पाहिले तर दोन्ही बाजूंचे दगडासारखे झाले होते आणि डावीकडचे लोखंडी तबकडीपासून उखडले होते. सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे होते. इंजिन क्रँकला, म्हणजे आतल्या मुख्य दांड्याला, एका दिशेने फिरवते, तेव्हा त्याचे स्वतःचे धड उलट दिशेने कलायला पाहते. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात ते बहुधा डाव्या बाजूने वर उचलले जाते. पहिल्या गियरमध्ये मागच्या चाकांकडे जाणारा जोर साधारण चौपट होतो आणि त्याची उलटी ओढ फाउंडेशनलाच सोसावी लागते, म्हणून ‘टक्’ नेमका गाडी सुटताना येत होता. रबर जिवंत असले तर ते हा झटका पिऊन टाकते, ते मेले की लोखंड लोखंडावर आपटते.

उभ्या गाडीचा हिशेब तर मला अजून चकित करतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ आणि तासाला ९०,००० धक्के. वेल्डिंगच्या जोडाची थकवा सोसण्याची ताकद ठरवताना अभियंते २० लाख आवर्तनांचा, म्हणजे तितक्या वेळा बसणाऱ्या धक्क्यांचा, आकडा धरतात. विटाव्याच्या कोंडीत रोज अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभे राहिले, तर तो आकडा दीड महिन्यात गाठला जातो. यातला प्रत्येक धक्का जोड तोडण्याइतका मोठा नसतो हे खरे, पण रबर गेलेले असताना त्यांतला एकही वाया जात नाही.

दुसऱ्या दुरुस्तीला दोन दिवस आणि सुटे भाग धरून साडेसात हजार रुपये लागले. पहिला अर्धा दिवस काकांनी वेल्डिंगच्या मशीनला हातही लावला नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा सॉकेट काढला, जवळून जाणारी ब्रेकची नळी आणि डिझेलचा पाइप बाजूला बांधला, आणि इंजिन चेन ब्लॉकला टांगले. खालून ऑइल पॅनला जॅक लावला तर पॅन चेपते, हे त्यांनी न विचारता सांगितले. अर्थिंगचा चिमटा जोडापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावला. पहिल्या वेल्डरने तो मागच्या बंपरला अडकवला होता आणि बॅटरीही जोडलेलीच ठेवली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत माझा अल्टरनेटर गेला. त्याचे खापर मी कुणाच्या माथी फोडत नाही, तरी आता बॅटरी सोडल्याशिवाय गाडीला कुणाला वेल्डिंग करू देणार नाही.

जुना थर पूर्ण घासून काढल्यावर भेगेचे टोक डोळ्यांना सापडेना. काकांनी भेगेत झिरपणारा लाल रंगाचा डाय फवारला, दहा-पंधरा मिनिटे मुरू दिला, कपड्याने पुसला आणि वरून, भेगेतला डाय बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्या पावडरीवर हळूहळू केसाएवढी लाल रेघ उमटत गेली, आणि मी जिथे भेग संपली असे समजत होतो त्याच्या पुढे ती आणखी बोटभर निघाली. पहिली दुरुस्ती का टिकली नाही, हे त्या लाल रेघेने मला कोणत्याही बोलण्यापेक्षा स्पष्ट सांगितले.

त्या टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचे भोक पाडले, कारण भेगेच्या अणकुचीदार टोकाशी एकवटणारा ताण गोल भोकाच्या कडेला विभागला जातो. मग भेग व्ही आकारात खोदून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने तळापासून भरली. हा रॉड ओलावा धरतो आणि ओलसर रॉडमधून जोडात हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होऊ शकतो, म्हणून खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत उघडे पडलेले पाकीट वापरू नये. काका रॉड ओव्हनमधून चार-चार काढत होते. वर ५ मिलिमीटरची पट्टी बसवली, पण चौकोनी नाही, तर दोन्ही टोकांना निमुळती कापलेली, आणि वेल्डिंग फक्त तिच्या लांबीच्या कडांना केले. चेसिसच्या लांबीला आडवा, वरून खाली जाणारा टाका मारला की पुढची भेग त्याच रेषेवर जाते. चेसिसच्या वरच्या-खालच्या दुमडीला तर त्यांनी ठिणगीही लागू दिली नाही.

दोन्ही फाउंडेशन रबर आणि गियरबॉक्सखालचे तिसरे रबर मी कंपनीचेच घेतले. बोल्ट आधी सैल ठेवले, इंजिन खाली उतरवून, हलवून, थोडा वेळ चालवून मगच पिळले, नाहीतर नवे रबर पहिल्या दिवसापासून पीळ पडून बसते.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत गाडीने पूर्ण पावसाळा काढला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे खड्डे, विटाव्याच्या पुलाखालचे पाणी आणि ५० किलोच्या चोवीस गोणींचा भार, असे सगळे होऊनही ‘टक्’ परत आलेला नाही आणि गियरचा दांडा उभ्या गाडीत शांत असतो. पहिले दोन आठवडे केबिनमध्ये बारीक गुणगुण जाणवली, रबर बसल्यावर ती गेली. नोव्हेंबरमध्ये पासिंग झाले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावे लागते, त्यामुळे जोड लपवून भागत नाही.

जोडावर मी काळ्याऐवजी फिकट राखाडी रंग मुद्दाम लावून घेतला. काळ्यावर भेग दिसत नाही, फिकट रंगावर मात्र ती उघडताच गंजाची तपकिरी रेघ पाझरते. दर महिन्याला पाणी मारून, ब्रशने घासून मी ती जागा पाहतो. आतापर्यंत जोड स्वच्छ आहे.

तक्रार एकच आहे. पट्टीच्या ज्या टोकांना वेल्डिंग नाही, तिथल्या फटीत पावसाचे पाणी शिरले आणि ऑक्टोबरमध्ये खालच्या टोकाला गंज ओघळलेला दिसला. ती भेग नव्हे, हे डाय मारून खात्री करून घेतली. तिथे काम झाल्या दिवशीच सीलंट भरायला हवा होता. तो राहिला आणि मलाही सुचला नाही. आता गंज घासून, रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग लावून सीलंट भरला आहे, आणि तो टिकला की नाही ते पुढच्या पावसाळ्यात दिसेल.