गिअर अडकतो: केबल जुळवावी, केबल बदलावी की ड्राइव्ह उघडावा?

धक्क्याजवळ येताना लिव्हर फॉरवर्डमधून न्यूट्रलमध्ये ओढला की इंजिन गचकन बंद पडते, किंवा बंद न पडता बोट गिअरमध्येच राहते आणि धक्का जवळ येत जातो. ही तक्रार मर्क्रूझर अल्फा वन ड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत आणि गिअर व प्रोपेलर असलेला ड्राइव्ह बोटीच्या मागे बाहेर) असलेल्या बोटींवर इतकी परिचित आहे की मेकॅनिक वर्णन अर्धे ऐकूनच मान डोलावतो. न्यू जर्सीतील लेक होपॅटकाँग किंवा जॉर्जियातील लेक लॅनियर यांसारख्या तलावांवर जुनी, ट्रेलरसह विकत घेतलेली बोट चालवणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे अशा वेळी तीन पर्याय येतात: आहे ती केबल पुन्हा जुळवणे, खालची शिफ्ट केबल (इंजिनावरून ड्राइव्हकडे जाणारी; वरची केबल स्टिअरिंगजवळच्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत येते) नवी घालणे, किंवा ड्राइव्हचा खालचा भाग उघडणे अथवा बदलणे. खर्च याच क्रमाने वाढत जातो, त्यामुळे बहुतेक जण पहिल्या पर्यायापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम पैशाने नव्हे, तपासणीने ठरला पाहिजे, कारण चुकीच्या ठिकाणी केलेली स्वस्त दुरुस्ती पुढे सर्वांत महाग दुरुस्तीचे कारण ठरते.

अल्फा ड्राइव्हमधला क्लच खालच्या भागात, प्रोपेलरच्या शाफ्टवर असतो आणि तो दात्यांचा असतो. दाते एकमेकांत बसले की गिअर पडला आणि सुटले की न्यूट्रल. मात्र इंजिनाचा जोर चालू असताना दाते एकमेकांवर दाबलेले राहतात आणि सहज सुटत नाहीत. म्हणून इंजिनावरच्या शिफ्ट प्लेटवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. केबलवर ताण वाढला की तिथला लिव्हर व्ही आकाराच्या खाचेतून सरकतो, स्विच दाबला जातो, इग्निशन क्षणभर तुटते, जोर उतरतो आणि दाते निसटतात. हे सगळे डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच घडायला हवे. केबल घट्ट झाली असेल तर ताण उतरतच नाही, स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिनाला पुन्हा पेटायला सवड मिळत नाही. इंजिन बंद पडण्याचे मूळ त्यामुळे बहुतेक वेळा कार्ब्युरेटरमध्ये नसून केबलमध्ये असते.

याची खात्री करून घेणे अवघड नाही. किल्ली काढून घ्यावी, शिफ्ट प्लेटवरच्या दोन्ही केबल्स सोडवाव्यात आणि एका माणसाला मागे प्रोपेलर हाताने सावकाश फिरवत ठेवावे. इंजिन बंद असताना दाते समोरासमोर आले तर गिअर बसत नाही, आणि अशा वेळी लिव्हर रेटला तर केबल वाकते, म्हणून हा दुसरा माणूस आवश्यक आहे. आता स्टिअरिंगजवळचा लिव्हर हलवून पाहावा. तो मोकळ्या केबलसहही जड जात असेल तर दोष कंट्रोल बॉक्समध्ये किंवा वरच्या केबलमध्ये आहे, आणि ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, मागे काहीही उघडण्याची गरज नाही. तो हलका असेल तर खालच्या केबलचे टोक हाताने पुढेमागे सरकवावे. इथे कचकच जाणवली तर ड्राइव्ह काढून तीच चाचणी पुन्हा करावी, कारण ड्राइव्ह बाहेर असताना चांगली केबल बोटांनी सरकते. तरीही ती जड राहिली तर केबल गेली, आणि मोकळी झाली तर अडचण ड्राइव्हच्या आत आहे. अल्फा ड्राइव्ह काढताना आणि बसवताना फॉरवर्ड गिअरमध्ये ठेवावा लागतो. हे विसरल्यामुळे मागची जोडणी नीट न बसल्याची उदाहरणे कमी नाहीत.

केबल जुळवणे हा पर्याय तेव्हाच योग्य ठरतो, जेव्हा दोन्ही केबल्स हाताला मोकळ्या लागतात आणि तरीही फॉरवर्ड किंवा रिव्हर्समध्ये दाते पूर्ण आत जात नाहीत. वरची केबल किंवा कंट्रोल बॉक्स अलीकडे बदलला असेल तर असे होणे साहजिक आहे. आधी खालची केबल मॅन्युअलमधील मापानुसार बसवायची आणि मग वरची तिला जुळवायची, हा क्रम उलटा चालत नाही. गिअर बसल्यावर आणि न्यूट्रलमध्येही स्विचचा रोलर खाचेच्या मधोमध दिसला पाहिजे. तो एका बाजूला टेकलेला दिसला तर केबल ताणलेली आहे. याच वेळी आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन घेत असलेला वेग, तपासावा. गिअरमध्ये आयडल मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या आसपास असतो. तो फार चढा असेल तर गिअर पडताना दणका बसतो आणि फार उतरलेला असेल तर स्विचच्या एका झटक्यानेच इंजिन मान टाकते.

जुळवणीचा गैरवापर नेमका इथेच होतो. घट्ट झालेल्या केबलची बॅरल (लांबी जुळवण्याची आट्यांची नळी) दोन आटे फिरवली की इंजिन काही दिवस बंद पडत नाही आणि मालकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात केबलचा प्रवास एका बाजूला कमी झालेला असतो, दाते निम्मेच आत बसतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कडा झिजत जातात. काही जण त्याहून सोपा मार्ग काढतात आणि स्विचची तारच सोडून ठेवतात. तपासणीसाठी ती क्षणभर सोडणे ठीक आहे, कारण तार सुटताच इंजिन बंद पडणे थांबले तर संशय पक्का होतो. कायमची सोडली तर मात्र प्रत्येक न्यूट्रल हा दात्यांवर केलेला बलप्रयोग असतो.

खालची केबल बदलणे हा मधला पर्याय आहे, आणि इंजिन बंद पडण्याच्या तक्रारीत माझे मत बहुतेक वेळा याच बाजूने पडते. केबल स्वतः फार महाग नसते. मजुरी ड्राइव्ह उतरवण्यात आणि हिंज पिना सोडवून बेल हाउसिंग (ड्राइव्ह ज्यावर बसतो तो ट्रान्समवरचा भाग) मागे घेण्यात जाते. पिनांसाठी आणि केबलच्या फिटिंगसाठी खास हत्यारे लागतात, आणि ती नसताना साध्या पान्याने झटापट केली की फिटिंगचे कोपरे गोल होतात. जुनी केबल बाहेर आली की कारण सहसा समोरच दिसते: पाण्यात राहणाऱ्या टोकाजवळ वरचे आवरण तडकलेले असते, आतली तार ओढताना तांबूस भुकटी बाहेर येते आणि एका ठिकाणी ती अडकून खरखरते. नवी केबल इंजिनाखालून नेताना तिला तीव्र वळण देऊ नये आणि ती इंजिनाच्या पायाखाली चेपू देऊ नये, अन्यथा नवी केबलही पहिल्याच दिवशी जुन्यासारखी वागते.

ड्राइव्ह उतरवलेलाच असतो, म्हणून बेलोज (पाणी आत येऊ न देणारी रबरी घडीदार आवरणे), गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला ट्रान्समपाशी आधार देणारे बेअरिंग) आणि इंजिनाचे अलाइनमेंट याच वेळी पाहून घ्यावे. शिफ्ट केबलचा छोटा बेलो फाटला तर पाणी थेट बोटीत येऊ शकते, आणि केवळ तेवढ्यासाठी पुन्हा हेच काम करायला लावणे कोणत्याही मेकॅनिकला आवडत नाही. पैसे वाचवायचे असतील तर केबलचे काम पुढे ढकलू नये, बेलोजच्या वेळेशी जुळवून घ्यावे.

ड्राइव्ह उघडणे हा निर्णय वेगळ्या लक्षणांवर घ्यावा लागतो. थ्रॉटल देताच गिअर दणक्यासह सुटतो आणि पुन्हा पकडतो, ड्रेन प्लगच्या चुंबकावर भुकटीऐवजी धातूचे कण येतात, किंवा गिअर ऑइल दुधाळ दिसते. यांपैकी काही दिसले तर केबलवर खर्च करणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. मात्र इंजिन फेऱ्या घेते आणि बोट पुढे सरकत नाही, एवढ्यावरून क्लचला दोष देऊ नये. प्रोपेलरच्या आतला रबरी हब फिरला तरी हुबेहूब असेच होते. हबवर आणि पात्यांच्या बाहेरच्या भागावर सरळ रेषेत रंगाची खूण करून जोर दिल्यावर ती तुटली का, हे पाहिले की शंका फिटते. दाते खरोखर झिजले असतील तर जुना भाग दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण ड्राइव्ह बदलणे अनेकदा परवडते, पण पिढी आणि गिअर रेशो (प्रोपेलरच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) दोन्ही जुळले पाहिजेत. १९९१ पासूनचा जेन टू, म्हणजे दुसऱ्या पिढीचा अल्फा, आणि त्याआधीचा अल्फा यांचे खालचे भाग एकमेकांना चालत नाहीत. तीन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला सहसा १.९४ किंवा १.९८ रेशोचा ड्राइव्ह असतो आणि ५.७ लिटरच्या व्ही-एटला १.४७ किंवा १.५० रेशोचा, त्यामुळे केवळ बाहेरून सारखा दिसतो म्हणून सौदा करू नये.

मर्क्रूझरचाच दुसरा ड्राइव्ह ब्राव्हो किंवा दुसऱ्या कंपनीचा व्होल्व्हो पेंटा यांच्या मालकांनी वरचे सगळे जसेच्या तसे लावू नये. त्यांचा क्लच शंकूच्या आकाराचा आणि ड्राइव्हच्या वरच्या भागात असतो. त्याची पकड घर्षणावर चालते. साध्या ब्राव्होवर अल्फासारखा इग्निशन तोडणारा स्विच नसतो, म्हणून तिथे गिअर काढताना इंजिन बंद पडले तर आधी आयडल, इंधन आणि प्रोपेलरला गुंडाळलेली दोरी पाहावी. गिअर उशिरा पकडणे किंवा घसरणे हे मात्र शंकू गुळगुळीत झाल्याचे किंवा केबलचा प्रवास अपुरा पडल्याचे लक्षण आहे. इथेही आधी केबलचा प्रवास मोजावा, आणि वरचे झाकण त्यानंतर उघडावे.

बोट खाऱ्या पाण्यात, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील बार्नेगाट बे सारख्या ठिकाणी, मोसमभर तरंगत राहत असेल तर केबल आणि बेलोज यांच्याबाबतीत वाट पाहू नये. ट्रेलरवर घरी येणाऱ्या, गोड्या पाण्यातील बोटीला तपासणीच्या निकालापर्यंत थांबता येते. पर्याय कोणताही निवडला तरी निकाल ड्राइव्हला पाण्याची नळी लावून अंगणात ठरवू नये, कारण तिथे प्रोपेलरवर भार नसतो आणि घट्ट केबलही शहाण्यासारखी वागते. बोट पाण्यात उतरवून, धक्क्याला दोर बांधून, आयडलवर फॉरवर्ड, न्यूट्रल आणि रिव्हर्स असा लिव्हर ठाम हाताने अनेकदा हलवून पाहावा. रोलर प्रत्येक वेळी खाचेत परत येत असेल, तरच मेकॅनिकचे बिल चुकते करावे.