कार्बन मोनॉक्साईड अलार्म: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या नाशिकच्या घरी गॅस गिझर बाथरूममध्येच होता. थंडीत आंघोळ करून आली की आई डोकं धरून बसायची, मळमळतंय म्हणायची. आम्ही पित्त समजून आमसुलाचं पाणी देत राहिलो. त्याचं आजही फार वाईट वाटतं.

आधी मी चुकून एलपीजी गळतीचा डिटेक्टर आणला होता. तो कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे हवा कमी पडून गॅस नीट जळला नाही की तयार होणारा विषारी वायू, ओळखत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंगही नाही. नोव्हेंबरात खरा अलार्म घेतला आणि बाथरूमबाहेर पॅसेजमध्ये लावला, कारण वाफेने सेन्सर बिघडतो.

डिसेंबरात एका सकाळी लागोपाठ तीन आंघोळी झाल्या. गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आम्हीच प्लॅस्टिक चिकटवलं होतं. एरवी शून्य दाखवणाऱ्या स्क्रीनवर ४१, मग ७६, मग ११२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे इतके भाग). भोंगा मात्र गप्प! आईला हाक मारून बाहेर काढलं, गिझर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. डॉक्टर म्हणाले, त्यावर जाऊ नका. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनऐवजी हा वायू चिकटलेला असला तरी ते यंत्र आकडा चांगलाच दाखवतं. रक्ताचीच तपासणी लागते.

भोंगा का वाजला नाही ते माहितीपत्रक वाचल्यावर कळलं. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. आंघोळ त्याआधीच आटोपते. म्हणून सांगते, स्क्रीन नसलेला अलार्म घेऊच नका. सर्वाधिक आकडा लक्षात ठेवणारं बटण असेल तर उत्तमच. मी ते रोज रात्री बघते. टेस्टचं बटण दाबल्यावर भोंगा आणि सेल ठीक आहेत एवढंच कळतं, सेन्सर चांगला आहे की नाही ते नाही.

मेकॅनिकने गिझर उघडला तेव्हा बर्नरवर काजळी होती आणि ज्योत पिवळी. आता गिझर ड्राय बाल्कनीत आहे. तेव्हापासून आकडा शून्यावरून हललेला नाही आणि आईचं 'पित्त'ही गेलं.

सेन्सरची मुदत अलार्मच्या मागे छापलेली असते, मी ती मार्करने पुढेही लिहून ठेवली आहे. दुसरा अलार्म मागवलाय, गावी आत्याकडे लावायला. ती थंडीत दार लावून शेगडी जवळ घेऊन झोपते. ती सवय मोडायला मी स्वतः जाणार आहे.