घराचा विमा: चौदा महिने आणि एक क्लेम

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा फ्रीज तरंगत हॉलमध्ये आला होता, आणि मी निवांत, कारण होमलोनच्या वेळी बँकेने विम्याचे पैसे कापलेले ना! नंतर कागद काढून बघितला तर तो कर्जाचा विमा, म्हणजे मी गेलो तर हप्ते फिटणार, घराला छदामही नाही.

तरी पॉलिसी घ्यायला मधे काही वर्षं गेली, आळस दुसरं काय. शेवटी भारत गृह रक्षा घेतली, घराच्या विम्याची ही सगळ्या कंपन्यांकडे एकाच नमुन्याची पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आलीये. पूर, वादळ, भूकंप, दरड सगळं त्यात आहे. एजंट म्हणे घराची किंमत ५५ लाख टाकू. अरे पण जमीन थोडीच वाहून जाणारे? विमा फक्त बांधकामाचा असतो, ८०० चौरस फूट कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली जागा) गुणिले फुटाला २००० रुपये बांधकामखर्च, झाले १६ लाख. सामानाला त्याच्या २० टक्के आपोआप मिळतात (जास्तीत जास्त १० लाख), दागिन्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ते आम्ही नाही घेतलं.

यंदा मे मध्ये वळवाच्या वादळात शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी आमच्या पडवीवर आली, कौलं गेली, रिपा गेल्या, दोन वासे मोडले. मी लगेच आवरायला निघालो तर बायको ओरडली, आधी फोटो काढा! ते फोटोच कामी आले, कारण कंपनीचा माणूस उगवला चौथ्या दिवशी, तोवर आम्ही ताडपत्री टाकलेली. त्याने मोडलेल्या वाशात नख खुपसलं, भुसा पडला, "ही वाळवी जुनी आहे". एक वासा कटाप. मी जाता जाता भिंतीची ओलपण दाखवून बघितली, तो नुसता हसला.

४३ हजारांच्या बिलाचे ३६,५०० मंजूर झाले, २६ दिवसांत आले, याबद्दल तक्रार नाही. चीड आली ती फांदीची. राडारोडा उचलायला क्लेमच्या २ टक्केच मिळतात, म्हणजे ७३० रुपये, आणि तोडणाऱ्याने घेतले साडेचार हजार. पॉलिसीत लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. रिन्यू तर केलीये. फांदीच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, त्यातली एक बरणी शेजाऱ्यांनी हक्काने नेली.